हौशी गोल्फच्या चित्रफिती : पाहावे काय, शिकावे काय?

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील अटलांटा शहरातल्या ईस्ट लेक या प्रतिष्ठेच्या मैदानावर एक आगळी स्पर्धा झाली. व्यावसायिक गोल्फ हंगामाची अखेरची मोठी स्पर्धा तेथे सुरू होण्याच्या तोंडावर सोळा जण मैदानात उतरले. त्यांच्यापैकी कोणाचेही नाव जागतिक क्रमवारीमुळे परिचित नव्हते. त्यांची ओळख एकच होती, ती म्हणजे स्वतःचा खेळ कॅमेऱ्यात टिपून तो यूट्यूबवर दाखवणे. ही ‘क्रिएटर क्लासिक’ स्पर्धा खुद्द पीजीए टूरने भरवली होती आणि लूक क्वॉन याने ती जिंकली. जगातील सर्वांत बलाढ्य गोल्फ संघटनेला आपल्या अंगणात हौशी चित्रफितकारांना मानाने बोलवावे लागले, यातच या नव्या माध्यमाची ताकद दिसून आली.

यूट्यूबवरील गोल्फ आता खेळाचा जोडधंदा राहिलेला नाही. अनेकांसाठी तोच गोल्फचा पहिला परिचय ठरतो आहे. काही मित्रांनी २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘गुड गुड’ या अमेरिकी वाहिनीत २०२५ साली साडेचार कोटी डॉलरची गुंतवणूक झाली. दोनदा अमेरिकी ओपन जिंकणारा ब्रायसन डीशॅम्बो आपल्या वाहिनीवर नामवंत पाहुण्यांबरोबर खेळतो. जुलै २०२४ मध्ये त्याच्यासोबत डोनाल्ड ट्रम्प खेळले, तेव्हा गोल्फशी काडीचाही संबंध नसलेल्यांनीही ती चित्रफीत पाहिली. या लाटेने असंख्य प्रेक्षकांना घरबसल्या मैदानावर नेले, हे निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो पुढचा. पडद्यावर पाहिलेला हा खेळ आपल्या हातात किती उतरतो आणि किती उतरल्याचा नुसता भास होतो?

आपल्यासारखीच माणसे

या वाहिन्यांचे आकर्षण समजून घ्यायचे, तर आधी दूरचित्रवाणीवरील गोल्फ आठवावा लागेल. तेथे दिसणारा व्यावसायिक खेळाडू तीनशे यार्डांपलीकडे चेंडू भिरकावतो, वाळूच्या खड्ड्यातून तो सहज ध्वजाजवळ आणून ठेवतो आणि चुकला तरी त्याची चूक सामान्य खेळाडूच्या सर्वोत्तम फटक्यापेक्षा सरस असते. त्याचे कौतुक वाटते, पण त्याच्याशी नाते जुळत नाही. अमेरिकी गोल्फ संघटनेकडे नोंद असलेल्या पुरुष खेळाडूंचा सरासरी हँडिकॅप चौदाच्या आसपास आहे. मैदानाच्या अपेक्षित फटक्यांपेक्षा आपल्या चांगल्या दिवशी किती फटके जास्त लागतात, याचा अंदाज या आकड्यातून मिळतो. म्हणजे नियमित खेळणाऱ्या, स्वतःची नोंद ठेवणाऱ्या माणसालाही प्रत्येक फेरीत डझनभर चुका सोसाव्या लागतात.

हौशी वाहिन्यांवर नेमका हाच माणूस दिसतो. त्याचा चेंडू तळ्यात जातो, झाडीत हरवतो, दोन फुटांवरून भोकाला वळसा घालून निघून जातो. सोबतचे मित्र हसतात आणि तोही हसतो. शंभर फटक्यांच्या आत फेरी संपवण्याची त्याची धडपड कोणत्याही जागतिक विजेतेपदाइतकीच उत्कंठेने पाहिली जाते, कारण पाहणाऱ्याची धडपडही तीच असते. गोल्फची फेरी चार तासांची. त्यात प्रत्यक्ष फटका मारण्याचा वेळ काही मिनिटांचा असतो, उरलेला वेळ चालण्याचा आणि गप्पांचा. दूरचित्रवाणीने हा गप्पांचा भाग कापून टाकला होता. यूट्यूबने तो परत आणला आणि खेळाचा अर्धा जीव तेथेच आहे, हे सिद्ध केले.

दुसरे कारण प्रवेशाचे. गोल्फ हा जगभरच महागडा आणि कुंपणाआडचा खेळ. आपल्याकडे तर तो अधिकच. मुंबईतील विलिंग्डन किंवा चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लब, पुण्यात येरवड्याचा पूना गोल्फ क्लब ही नावे बहुसंख्य नागरिकांनी भिंतीबाहेरूनच पाहिलेली असतात. सिडकोने खारघरमध्ये उभारलेल्या मैदानासारखे अपवाद मोजकेच. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचे पदक अवघ्या एका फटक्याने हुकले, तेव्हा भल्या पहाटे उठून देशभर गोल्फ पाहिला गेला. त्याच ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन मानेही खेळला होता. ‘बोगी’ म्हणजे काय आणि ‘बर्डी’ म्हणजे काय, हे त्या आठवड्यात अनेक घरांत पहिल्यांदा विचारले गेले. त्यानंतर कुतूहल वाटलेल्या मुलाने जावे कोठे? क्लबचे सभासदत्व नाही, प्रशिक्षकाचे शुल्क परवडत नाही, घरात कोणी खेळणारे नाही. अशा मुलासाठी ही चित्रफीत म्हणजे कुंपणातले एक दार आहे. त्या दाराला कमी लेखण्याचे कारण नाही.

पाहण्याने वाढतो तो आत्मविश्वास

अडचण सुरू होते ती पाहणारा शिकू लागतो तेव्हा. शिकागो विद्यापीठातील मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन या संशोधकांनी २०१८ मध्ये या विषयावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भांड्यांना धक्का न लावता टेबलावरचा कपडा ओढून काढण्याची करामत, डार्ट फेकणे, मायकेल जॅक्सनचे ‘मूनवॉक’ अशा कृतींच्या चित्रफिती त्यांनी लोकांना दाखवल्या. काहींना एकदा, काहींना वारंवार. वारंवार पाहणाऱ्यांना आपल्याला हे जमेल असे अधिक ठामपणे वाटू लागले. प्रत्यक्षात करायला सांगितल्यावर मात्र त्यांची कामगिरी एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरली नाही. पाहण्याने आत्मविश्वास वाढला होता, कौशल्य जागच्या जागी होते.

याच अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष बोलका आहे. कसरतीत हवेत फेकण्याच्या दांड्या ज्यांना चित्रफितीनंतर क्षणभर हातात धरायला दिल्या, त्यांचा फुगलेला आत्मविश्वास लगेच खाली आला. वस्तूचे वजन हाताला कळले आणि डोळ्यांचा भ्रम फिटला. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. काठावर उभे राहून पोहणे पाहणाऱ्याला आपल्याला पोहता येते असे खरोखरच वाटू लागते, ही भर या संशोधनाने घातली.

गोल्फमध्ये हा भ्रम विशेष बळावतो, कारण फटका दिसायला फार सोपा आहे. चेंडू स्थिर आहे, प्रतिस्पर्धी अडवत नाही, वेळेची घाई नाही. परंतु क्लब वर नेऊन खाली आणण्याची सारी क्रिया सुमारे दीड सेकंदात संपते. क्लब आणि चेंडू यांचा प्रत्यक्ष संपर्क तर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो. त्या क्षणी क्लबचे तोंड एक-दोन अंशांनी जरी फिरलेले असले, तरी दोनशे यार्डांवर चेंडू मैदानाबाहेर जाऊ शकतो. हा फरक चित्रफीत पाहणाऱ्या डोळ्याला दिसत नाही.

लक्षण एक, कारणे तीन

हौशी खेळाडूंचे सर्वांत जुने दुखणे म्हणजे ‘स्लाइस’. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत उजवीकडे वळत वळत झाडीत जातो. त्यावरील उपायांच्या चित्रफिती मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. त्यातील पुष्कळशा बरोबरही आहेत. तरीही त्या पाहून अनेकांचा स्लाइस वाढतो. असे का व्हावे?

त्यासाठी चेंडूच्या उड्डाणाचा नियम पाहावा लागेल. पूर्वी असे शिकवले जाई की, क्लब ज्या मार्गाने फिरतो त्या दिशेने चेंडू निघतो आणि मग क्लबचे तोंड जिकडे असेल तिकडे वळतो. रडारवर चालणारी मापनयंत्रे आल्यावर हे उलटे असल्याचे सर्वमान्य झाले. चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यत्वे क्लबच्या तोंडावर ठरते. पुढे तो किती वळणार, हे तोंडाची दिशा आणि क्लबचा मार्ग यांच्यातील कोनावर अवलंबून असते. भरीला ड्रायव्हरसारख्या मोठ्या क्लबचा टाचेकडचा, म्हणजे दांड्याजवळचा भाग चेंडूला लागला, तर बाकी सारे बरोबर असूनही चेंडू उजवीकडे वळू शकतो.

म्हणजे स्लाइस हे लक्षण एक आणि त्याची कारणे किमान तीन. एखाद्याचे तोंड उघडे राहते, कारण त्याची पकड सैल वळणाची आहे. दुसऱ्याचा क्लब बाहेरून आत, शरीराकडे ओढला जातो. तिसरा चेंडू टाचेवर घेतो. ‘क्लब आतून बाहेर न्या’ हा सल्ला दुसऱ्याला लागू पडेल. पहिल्याचा मार्ग मुळात आतून बाहेर जाणारा असेल, तर हाच सल्ला त्याचा चेंडू आणखी उजवीकडे घालवील. तिसऱ्याला या सल्ल्याचा काही उपयोगच नाही. औषध खरे असते, पण रोग्याला न तपासता दिलेले असते. दुकानातून दुसऱ्याच्या चिठ्ठीवर औषध आणून घेण्यातला धोका आपण जाणतो. येथे तो आपल्या ध्यानात येत नाही, कारण डॉक्टर आपल्याच डोळ्यांत पाहून बोलत असतो.

खुद्द गोल्फच्या नियमांनी हा भेद ओळखला आहे. आर अँड ए आणि अमेरिकी गोल्फ संघटना यांनी हौशी खेळाडूंसाठीचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू केले. हौशी खेळाडूने मोबदला घेऊन प्रशिक्षण दिले, तर त्याचा हौशी दर्जा जातो. त्याला असलेल्या अपवादांत लेखी किंवा ऑनलाइन मार्गदर्शन येते, पण एका अटीवर. संवाद एकतर्फी असला पाहिजे आणि एखाद्या खेळाडूला व्यक्तिशः सूचना व अभिप्राय देण्याची सोय त्यात नसली पाहिजे. नियमकर्त्यांचा हेतू प्रशिक्षकांच्या पोटाचे रक्षण करण्याचा असेल. परंतु नकळत त्यांनी चित्रफितीची मर्यादा नेमकी सांगून टाकली. जेथे समोरच्याकडे पाहून त्याची चूक दाखवणारे कोणी नाही, तेथे पूर्ण अर्थाने शिकवणे घडत नाही.

याच नियमांनी हौशी खेळाडूंवरील प्रायोजकत्वाची बंधनेही उठवली. हौशी राहून कंपन्यांकडून पैसे घेणे त्यामुळे शक्य झाले. वाहिन्यांच्या भरभराटीला त्याचा हातभार लागला.

कात्री आणि जाहिरात

दुसरा खड्डा संकलनाचा आहे. चार तासांची फेरी चाळीस मिनिटांत बसवायची, तर कात्री चालवावीच लागते. रटाळ फटके जातात, गमतीदार अपयश आणि देखणे यश उरते. शिवाय खेळाचा प्रकार नीट न पाहता धावसंख्येकडे पाहणे फसवे ठरते. डीशॅम्बोच्या गाजलेल्या मालिकेत पन्नासच्या आत फेरी संपवण्याचे आव्हान असते. ट्रम्प यांच्यासोबत त्याने नेमके पन्नास फटके घेतले. त्या मालिकेत दोघेही प्रत्येक वेळी फटका मारतात, त्यातील चांगला निवडून पुढचे दोन्ही फटके तेथूनच मारले जातात आणि सुरुवात पुढच्या, म्हणजे जवळच्या टीवरून होते. मालिका हे लपवत नाही. पण पाहणाऱ्याच्या मनात आकडा राहतो आणि अटी विरून जातात. मग रविवारी स्वतःचे एकशेचार फटके मोजताना हा खेळ आपल्यासाठी नाहीच, असे त्याला वाटू लागते. या वाहिन्यांमुळे खेळाकडे आलेला माणूस त्यांच्यामुळेच खेळापासून दुरावू शकतो.

तिसरा खड्डा साहित्याच्या खरेदीचा. नवा ड्रायव्हर आला की त्याच्या ‘चाचणी’च्या चित्रफिती झळकतात आणि जुन्यापेक्षा दहा-वीस यार्ड जास्त मिळाल्याचे सांगितले जाते. येथे नियमांचा साधा हिशेब कामी येतो. ड्रायव्हरच्या डोक्याचे आकारमान ४६० घन सेंटिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये, ही मर्यादा २००४ पासून आहे. तोंडाच्या लवचिकतेलाही कमाल मर्यादा आहे आणि नामांकित कंपन्या त्या मर्यादेच्या काठावर कधीच पोहोचल्या आहेत. फटका मध्यापासून चुकला असता होणारे नुकसान नवे क्लब कमी करतात, हे खरे. परंतु दरवर्षी वीस यार्ड वाढत गेले असते, तर एव्हाना सगळे हौशी खेळाडू व्यावसायिकांच्या पुढे गेले असते. दांडा आपल्या वेगाला साजेसा आहे की नाही, हे मोजून घेण्याचा फायदा बहुधा नव्या क्लबच्या फायद्यापेक्षा मोठा असतो.

चाचणी करणाऱ्याला तो क्लब कोणी दिला, हे विचारण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे. भारतात जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील पुरस्कृत मजकुराबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मोबदला, भेटवस्तू किंवा अन्य हितसंबंध असेल, तर तो स्पष्टपणे सांगणे त्यांना अभिप्रेत आहे. परदेशी वाहिन्या पाहतानाही हीच कसोटी लावावी.

चौथा धोका शरीराचा. गोल्फचा फटका हा पाठीच्या कण्याला वेगाने पीळ देणारा असतो आणि कंबरदुखी ही या खेळातली नेहमीची तक्रार आहे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या चाळिशीतल्या माणसाने वेग वाढवण्याचे व्यायाम चित्रफीत पाहून थेट सुरू केले, तर यार्ड वाढण्याआधी वेदना वाढण्याची शक्यता अधिक. पडद्यावरचा तरुण किती वर्षांच्या तयारीनंतर तेवढा वळतो, हे त्या दहा मिनिटांत दिसत नाही.

मग एकलव्याचे काय?

येथे कोणी एकलव्याचे उदाहरण देईल. गुरूच्या मूर्तीसमोर तो धनुर्विद्या शिकलाच ना? आधुनिक एकलव्यही आहेत. २०१२ आणि २०१४ मध्ये मास्टर्स जिंकणारा बबा वॉटसन औपचारिक प्रशिक्षणाशिवाय घडला. पण या दोन्ही उदाहरणांत शिकवले ते प्रत्यक्ष सरावाने. एकलव्याची मूर्ती मुकी होती, परंतु बाण लक्ष्याला लागला की नाही, हे त्याला दर वेळी कळत होते. गोल्फमध्ये हे काम चेंडू करतो. तो कोठून निघाला आणि कोठे वळला, हे प्रामाणिकपणे पाहणाऱ्याला अर्धे निदान तेथेच मिळते. चित्रफितींच्या मागे लागलेला खेळाडू मात्र चेंडूकडे पाहण्याऐवजी स्वतःच्या कोपराकडे, मनगटाकडे आणि कमरेकडे पाहू लागतो.

यालाही संशोधनाचा आधार आहे. गाब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये गोल्फच्या नवशिक्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला फटका मारताना हातांच्या हालचालीकडे लक्ष ठेवण्यास सांगितले, दुसऱ्याला क्लबच्या हालचालीकडे. दुसऱ्या गटाचे फटके अधिक अचूक पडले आणि नंतर सूचनांशिवाय घेतलेल्या चाचणीतही तो फरक टिकला. शरीराच्या अवयवांवर लक्ष केंद्रित केले की सहज घडणारी क्रिया अडखळते. चित्रफितींतील सल्ले मात्र बहुतांशी अवयवांच्याच भाषेत असतात आणि एका बैठकीत असे पाच सल्ले डोक्यात साठतात. पाच सूचना घेऊन चेंडूसमोर उभा राहिलेला माणूस दीड सेकंदात त्यातली एकही नीट पाळू शकत नाही.

पाहून येते ते कोणते?

याचा अर्थ या वाहिन्या निरुपयोगी आहेत असा नाही. डोळ्यांनी शिकण्यासारखे गोल्फमध्ये पुष्कळ आहे, फक्त ते स्विंगमध्ये नाही. डावीकडे तळे असताना अनुभवी खेळाडू ध्वज सोडून ग्रीनच्या उजव्या भागाकडे का मारतो? झाडीतून पराक्रम करण्याऐवजी तो चेंडू शांतपणे बाजूला मोकळ्यावर का काढतो? कोणत्या वेळी कोणता क्लब उचलतो? हे निर्णय आहेत आणि निर्णय पाहून शिकता येतात. नियमांचेही तसेच. चेंडू पाण्यात गेल्यावर काय पर्याय असतात, हे पुस्तकातील कलमापेक्षा चित्रफितीत लवकर कळते. वाळूतील पावलांच्या खुणा पुसणे, ग्रीनवरील खड्डा बुजवणे, दुसरा खेळत असताना स्तब्ध राहणे हे शिष्टाचारही तसेच कळतात. घरात गोल्फची परंपरा नसलेल्या नवख्याला मैदानावर सर्वांत जास्त संकोच याच गोष्टींचा वाटतो. तो संकोच या वाहिन्या घालवतात, ही त्यांची मोठी कामगिरी.

स्विंगसाठी मात्र क्रम उलटा असावा. आधी जाणकाराकडून एकदा तरी स्वतःची तपासणी करून घ्यावी आणि मग त्याने सांगितलेल्या एकाच दोषावरील चित्रफीत पाहावी. इंग्लंडमधील रिक शील्स किंवा पीटर फिंच यांच्यासारखे व्यावसायिक पात्रता असलेले यूट्यूबकार आणि मित्रमंडळींची करमणूक यांतला फरक ओळखावा. करमणूक पाहण्यात गैर काही नाही, तिला शिकवणी समजू नये इतकेच. कॅमेरा दुसऱ्यावर रोखलेला पाहण्यापेक्षा तो स्वतःवर रोखणे अधिक फलदायी. एकदा समोरून आणि एकदा चेंडूच्या रेषेत मागून, हातांच्या उंचीवरून केलेले चित्रण पाहिले की आपण काय करतो असे वाटते आणि प्रत्यक्षात काय करतो, यातले अंतर लख्ख दिसते. एक बदल निवडला की तो काही आठवडे टिकवावा, दुसरी चित्रफीत आली म्हणून तो सोडू नये.

या वाहिन्यांच्या लोकप्रियतेला आता आर्थिक बाजूही चिकटली आहे. जुलै २०२५ मध्ये ग्रँट हॉर्वट या यूट्यूबपटूला पीजीए टूरच्या बॅराकुडा स्पर्धेचे निमंत्रण मिळाले होते. स्वतःचा खेळ चित्रित करण्याची मुभा नसल्याने त्याने ते नाकारले. एका पिढीपूर्वी असे निमंत्रण म्हणजे आयुष्याचे स्वप्न होते. आज कॅमेरा स्पर्धेपेक्षा मोठा ठरू शकतो. ज्यांचा व्यवसाय पाहिले जाण्यावर चालतो, त्यांचे पहिले कर्तव्य आपल्याला पाहत ठेवणे हे असते. आपला हँडिकॅप कमी व्हावा, ही काळजी त्यानंतरची आणि ती आपली आपणच करायची आहे. संध्याकाळी घरी आल्यावर या मित्रांच्या संगतीत तासभर अवश्य घालवावा. पण सरावाच्या मैदानावर उभे राहिल्यावर फोन पिशवीत ठेवावा आणि चेंडू कोठे जातो आहे, तेवढे पाहावे.